जुन्या किंडलवर तिथी, चंद्रोदय आणि भरकटलेली पहिली वेलांटी

कडबोळे | सोमवार, रात्री १०:४८

मंडळी, मदत हवी आहे. आधी पाल्हाळ, मग प्रश्न.

घरात २०११चं एक किंडल धूळ खात पडलं होतं. टचस्क्रीन नसलेलं, कडेला पानं उलटायची बटणं असलेलं, जाणकार ज्याला के-फोर म्हणतात ते. ६ इंची पडदा, ६०० बाय ८०० ठिपके. वाचायला आता नवं आहे, आणि हे भंगारात द्यायला जीव होत नाही.

आई साताऱ्यात असते. दर संकष्टीला संध्याकाळी तिचा फोन, "चंद्रोदय किती वाजता रे?" कालनिर्णय भिंतीवर आहे, पण ते बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा शोधायला चष्मा लागतो. म्हटलं, हेच किंडल स्वयंपाकघरात फळीवर ठेवू. मोठ्या अक्षरात वार, तारीख, तिथी आणि संकष्टी असेल तर चंद्रोदय. रात्री डोळ्यांवर उजेड नाही, टिंगटिंग नाही, जाहिराती नाहीत.

जेलब्रेक केला (म्हणजे ॲमेझॉनचं कुलूप काढलं), यूएसबी-नेटवर्क टाकलं आणि १९२.१६८.१५.२४४ वर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून कमांडा द्यायच्या वाटेने, आत शिरलो. (कमांडा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टंकताना अर्थात रोमनच.) आत एक छोटं लिनक्स आहे आणि त्यात ॲमेझॉनचंच एक हत्यार पडलेलं आहे, ईआयपीएस. डॅश-सी दिलं की पडदा पांढरा होतो. आडवा आकडा, उभा आकडा आणि अवतरणात मजकूर दिला की त्या जागी तो उमटतो. अक्षराचा चौकोन १२ बाय २०चा, म्हणजे पडद्यावर ५० स्तंभ आणि ४० ओळी. जुन्या डॉसच्या पडद्यासारखा हिशेब. पहिल्यांदा पडद्याच्या मधोमध माझं नाव रोमनमध्ये उमटलं तेव्हा रात्री दीड वाजता मी एकटाच हसत होतो.

पण ईआयपीएसकडे अक्षरं फक्त रोमन, त्यातही एकाच मापाची. आईला ती मुंगीएवढी. मग एफबीइंक नावाचा प्रोग्रॅम सापडला. ते किंडल, कोबो, रीमार्केबल, पॉकेटबुक अशा ई-इंक पडद्याच्या बऱ्याच यंत्रांवर चालतं, जुन्या किंडलसाठी त्याचं वेगळं बिल्ड मिळतं, आणि मुख्य म्हणजे डॅश-टी देऊन आपला हवा तो टीटीएफ फाँट हव्या त्या मापात देता येतो. मुक्ता फाँट टाकला, लिहिलं 'शनिवार, तिथी चतुर्थी'. एंटर.

पडद्यावर आलं:

शनविार, तथिी चतुर्‌थी

पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसली. रफार नाहीच, तिथे पाय मोडलेला र. उकार तेवढा जागेवर होता. फाँट बदलून पाहिला, दोनदा कॉपी केला, फाइल बिघडली असेल म्हणून एमडी५सुद्धा (फाइलचा ठसा) जुळवला. सगळं ठीक, फक्त मराठी अशुद्ध.

आता प्रश्न. एफबीइंकला शुद्ध मराठी शिकवायची काही सोय आहे का? की 'शनिवार' लिहिताना मीच वेलांटी उलट्या जागी टंकायची?

---

भिंतीवरची_पाल | सोमवार, रात्री ११:०५

कालनिर्णयच्या त्या पानाचा फोटो काढा, मोठा करून छापा, भिंतीला चिकटवा. दोन रुपयांत काम. एसएसएच नको, जेलब्रेक नको.

बाकी 'शनविार' आवडला. सुट्टीचा वार वाटतो.

---

अर्धाचहा | सोमवार, रात्री ११:१९

वाचतोय. माझ्याकडेही एक पडलंय.

---

पानउतारा | मंगळवार, सकाळी ७:३२

कडबोळे, वेलांटी उलट्या जागी टंकायचा जुगाड मी पूर्वी केलेला आहे, म्हणून सांगतो, करू नका. 'शनिवार' जमतो. 'स्थिती'ला दम लागतो. 'द्वितीया'ला मेंदू. आणि रफार तर कुठल्याच क्रमाने टंकला तरी येत नाही.

दोष एफबीइंकचा नाही, फाँटचाही नाही. युनिकोडमध्ये आपण 'नि' साठवतो तो उच्चाराच्या क्रमाने, आधी न आणि मग वेलांटी. दिसताना वेलांटी आधी हवी. हा क्रम फिरवणं, र आणि हलन्त मिळून रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, जोडाक्षराचा साचा निवडणं, या सगळ्याला शेपिंग म्हणतात. फाँटच्या पोटात त्याची कोष्टकं असतात, पण ती वाचून अंमलात आणणारा कोणीतरी लागतो. लिनक्सवर तो बहुतेक ठिकाणी हार्फबझ असतो. एफबीइंक मात्र फाँट वाचायला एसटीबी-ट्रूटाइप नावाची इवलीशी लायब्ररी वापरतं. ती एका संकेताला एक आकृती काढते आणि पुढे सरकते. रोमनला तेवढं पुरतं. आपल्याकडे मग वेलांटी जिथे टंकली तिथेच पडते, म्हणजे पुढच्या अक्षराच्या दारात. उकार, अनुस्वार मागे सरकून बसतात कारण बऱ्याच फाँटांत त्यांची आकृतीच शून्य रुंदीची आणि डावीकडे ढकललेली असते. त्यात हुशारी कोणाचीच नाही.

याच यंत्रावर कोरीडर (पुस्तकं वाचायचा प्रोग्रॅम) टाकून मराठी ईपब उघडा, अक्षरं शुद्ध दिसतील, कारण त्यात हार्फबझ आहे. म्हणजे यंत्राला जमत नाही असं नाही, पण एका ओळीच्या कमांडमधून ते मिळणार नाही.

तेव्हा किंडलला अक्षरं लावायला सांगूच नका. अक्षरं दुसरीकडे लावा, त्यांचा पीएनजी करा आणि किंडलला म्हणा, हे चित्र दाखव. घरात रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), जुना लॅपटॉप, काहीही चालेल. सगळ्यात सोपं पँगो-व्ह्यू: फाँट, माप आणि मजकूर द्या, डॅश-क्यू-ओ देऊन फाइलचं नाव द्या, चित्र तयार. मांडणी नीट हवी असेल तर एसव्हीजीचा (मजकुराच्या रूपात लिहिलेलं चित्र) एक साचा करून ठेवा, रोज त्यातली तिथी-तारीख सेड या कमांडने बदला आणि आरएसव्हीजी-कन्व्हर्टने पीएनजी करा. तेही आतून पँगोच वापरतं, त्यामुळे रफार आपोआप.

एक लक्षात ठेवा, भाषा 'एमआर' म्हणून सांगा. पँगो-व्ह्यूला लँग्वेजचा पर्याय आहे. ज्या फाँटात मराठी रूपं दिलेली आहेत त्यात तेवढ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो आणि आईसाहेब म्हणतात, हे काय लिहिलंय.

---

मोठीआई | मंगळवार, सकाळी ९:१०

तांत्रिक काही कळलं नाही, पण ल आणि श बद्दल अगदी खरं. नातवाच्या पुस्तकात तो ल बघितला की मला चुकल्यासारखं होतं. अशीच घरात मोठ्या अक्षराची पाटी मलाही हवी आहे. कडबोळे, जमलं की सांगा हो.

---

कडबोळे | बुधवार, रात्री १२:१५

पानउतारादादा, दंडवत घ्या.

रास्पबेरी पायवर पीएनजी केला. पायच्या पडद्यावर 'चतुर्थी' अशी देखणी की फ्रेम करावी. एससीपीने किंडलवर पाठवला, ईआयपीएस डॅश-जी आणि फाइलचं नाव. पडदा एकदा काळा, एकदा पांढरा, आणि मग राखाडी रेघांची गोधडी. मधूनमधून एखाद्या मात्रेचा भास होतो. एफबीइंकचं डॅश-जी वापरलं तर तेच चित्र स्वच्छ येतं. म्हणजे फाइल बरोबर आहे ना? मग ईआयपीएसचं पोट का दुखतंय?

एफबीइंकवर काम भागतंय, पण जे यंत्रात मुळातच आहे त्यावर जमवायचं असा आता हट्ट आहे.

---

पानउतारा | बुधवार, सकाळी ७:५०

हट्ट चांगला आहे. ईआयपीएसला पीएनजीचा एकच प्रकार पचतो: राखाडी, ८ बिट, पारदर्शकतेचा थर नसलेला. आरएसव्हीजी-कन्व्हर्ट रंगीत आणि पारदर्शक काढतं. एफबीइंक ते मुकाट्याने राखाडी करून घेतं, ईआयपीएस घेत नाही.

दोन उपाय. आरएसव्हीजीला बॅकग्राउंड-कलर पांढरा द्या आणि मग पीएनजीक्रशला डॅश-सी शून्य देऊन फाइल त्यातून काढा. तो शून्य म्हणजे 'रंगप्रकार राखाडी'. किंवा इमेजमॅजिक: अल्फा ऑफ, टाइप ग्रेस्केल, डेप्थ ८. माप नेमकं ६०० बाय ८०० ठेवा, ईआयपीएस काही लहानमोठं करून देत नाही.

आणि चित्र टाकण्याआधी किंडलचं स्वतःचं दुकान बंद करा. फ्रेमवर्क स्टॉप आणि पॉवरडी स्टॉप, दोन्ही ईटीसी-इनिटडी मधून. नाहीतर दहा मिनिटांनी ॲमेझॉनचा स्क्रीनसेव्हर तुमच्या चतुर्थीवर येऊन बसेल. दोन्ही बंद असताना बटणं दाबून काही होत नाही, तेव्हा आधी एसएसएच वायफायवरून चालतंय याची खात्री करा, मग बंद करा. उलट क्रमाने केलं की पॉवरचं बटण दाबून धरत बसावं लागतं.

---

डावा_काठ | बुधवार, दुपारी २:२२

इथे नेदरलँड्समधून. माझ्याकडे कोबो क्लारा एचडी आहे, २०१८चं, १०७२ बाय १४४८. कोबोवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण इथे जेलब्रेकची भानगडच नाही. कोबोरूट.टीजीझेड नावाची फाइल डॉट-कोबो फोल्डरमध्ये टाकून यूएसबी काढली की यंत्र ती स्वतःच उलगडतं आणि परत सुरू होतं. दार उघडंच आहे.

आत मुख्य प्रोग्रॅमचं नाव निकेल. त्याच्यासोबत सिकेल, फिकेल आणि हिंडेनबर्ग. कोणी नावं ठेवली त्याला भेटायला आवडेल. सिकेल राखणदार आहे, नुसतं निकेल मारलं तर तो यंत्र रीस्टार्ट करतो. किलऑलला चौघांची नावं एकदम द्यायची. कोबोचं स्वतःचंही चित्र दाखवायचं हत्यार आहे, पिकेल, त्याला शोपिक म्हणून कच्चं चित्र पाइपने पाजायचं. सुरू होताना दिसणारे ठिपके त्यातूनच येतात. पण एफबीइंक असताना त्या वाटेला कोण जातो?

माझी आवडती गोष्ट म्हणजे एफबीइंकला डॅश-जी मध्ये फाइल=डॅश दिलं की ते चित्र स्टँडर्ड इनपुटवरून घेतं. म्हणजे लॅपटॉपवर चित्र तयार करून सरळ एसएसएचच्या पाइपमधून पलीकडे. कोबोवर फाइल राहतच नाही. मी रोज सकाळी ट्रेनच्या वेळा असंच टाकतो.

आता पडद्याच्या स्वभावाबद्दल. ई-इंकमध्ये सूक्ष्म कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे विद्युतभारित कण. वीज देऊन कण वर-खाली केले की झालं, मग वीज काढली तरी चित्र तसंच. पण कण हलवायच्या तऱ्हा, ज्यांना वेव्हफॉर्म म्हणतात, त्या अनेक आहेत. जीसी१६ सगळ्या १६ राखाडी छटा नीट देते, साधारण अर्धा सेकंद घेते आणि पडदा लुकलुकतो. डीयू फक्त काळं-पांढरं, त्याहून चपळ. ए२ सगळ्यात चपळ, सव्वाशे मिलिसेकंदांच्या आत, पण मागचं चित्र भुतासारखं राहतं. एफबीइंकमध्ये मोठ्या डब्ल्यूने ही तऱ्हा निवडता येते. घड्याळाचा मिनिटाचा आकडा बदलायला डीयू, आणि तासातून एकदा जीसी१६ने सगळी भुतं धुऊन काढायची, असं माझं चाललंय.

अवांतर: माझी मुलगी डच शाळेत जाते. तिच्यासाठी कोबोवर रोज एक मराठी शब्द मोठ्या अक्षरात टाकायचा विचार आहे. शेपिंगची भानगड माहीतच नव्हती. धागा वेळेवर आला.

---

धुरकट | बुधवार, संध्याकाळी ६:४०

माझा प्रश्न इथेच विचारतो. पहिलं पेपरव्हाइट (२०१२), पडदा ७५८ बाय १०२४. मी हत्यारं-बित्यारं न वापरता ७५८ रुंदीचं कच्चं राखाडी चित्र सरळ स्लॅश-डेव्ह-स्लॅश-एफबी० मध्ये कॅट केलं. आधी काहीच दिसलं नाही. मग ईआयपीएसने रिकाम्या जागी एक अक्षर छापलं तर तेवढा तुकडा उगवला! पूर्ण रिफ्रेश केल्यावर सगळं चित्र आलं, पण तिरकं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली. वारा सुटल्यासारखं.

---

पानउतारा | बुधवार, संध्याकाळी ७:०५

धुरकट, दोन्ही लक्षणं पुस्तकातली आहेत. एफबी० मध्ये लिहिणं म्हणजे फक्त स्मृतीत लिहिणं. मॉनिटरचा पडदा ती स्मृती सेकंदाला साठदा वाचत असतो, ई-इंकचा कंट्रोलर सांगितल्याशिवाय हलत नाही. 'अमुक चौकोन, अमुक तऱ्हेने ताजा कर' असा निरोप कर्नलला द्यावा लागतो. ईआयपीएस आणि एफबीइंक तोच निरोप देतात. एफबीइंकला नुसतं लहान एस दिलं तर ते लिहीत काही नाही, फक्त ताजं करतं.

तिरकेपणा असा. पडदा ७५८चा, पण स्मृतीतली ओळ ७६८ची. शेवटचे १० ठिपके कोणाला दिसत नाहीत. तुम्ही ७५८ची ओळ संपवून लगेच पुढची सुरू केली, म्हणून दर ओळीमागे १० ठिपक्यांची चूक साठत गेली. चित्राच्या उजवीकडे १० ठिपक्यांची गोट लावा, वारा थांबेल.

---

टॉवरवाला | बुधवार, रात्री ९:३०

जेलब्रेकची भीती वाटणाऱ्यांसाठी: किंडलमध्ये जो प्रायोगिक ब्राउझर आहे त्यात आपलंच एक पान उघडून ठेवता येतं. ते दर तासाला स्वतःला ताजं करेल असं एचटीएमएलमध्ये सांगायचं. जुन्या मॉडेलांत शोधायच्या जागी तरंगचिन्ह (~) आणि डीएस असं टंकून एंटर मारलं की पुढच्या रीस्टार्टपर्यंत स्क्रीनसेव्हर येत नाही. वर ब्राउझरची पट्टी दिसत राहते, ती काळ्या कागदाने झाका. हे अगदीच देशी झालं, पण माझ्या ऑफिसात दोन वर्षं चाललं.

पानावर मराठी टाकायचं असेल तर तिथेही चित्रच टाका. ॲमेझॉनने मराठी पुस्तकं किंडलवर आणली २०१६च्या डिसेंबरात. त्याच्या कितीतरी आधीच्या यंत्राकडून देवनागरीची अपेक्षा धरू नका.

---

भिंतीवरची_पाल | बुधवार, रात्री ९:४१

काळ्या कागदाने झाका!! आता कसं मनासारखं बोललात.

---

कडबोळे | पुढचा रविवार, दुपारी ४:०५

साताऱ्याला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

पाय राऊटरशेजारी ठेवला. रोज पहाटे तो पायएफेमने (खगोलगणिताची लायब्ररी) सूर्य-चंद्र काढतो. चंद्राच्या भोगांशातून (राशिचक्रावरच्या स्थानाचे अंश) सूर्याचे वजा करून १२ अंशांनी भागलं की तिथी, एवढं गणित मलाही झेपलं. सूर्योदयाला जी तिथी ती दिवसाची, आणि संकष्टीसाठी चंद्रोदयाला चतुर्थी आहे का ते बघायचं. मग एसव्हीजी, पीएनजी, पीएनजीक्रश. किंडल क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) सकाळी पाच वाजता डब्ल्यूगेटने चित्र ओढतं. इथे एक ठेच लागली. जुन्या किंडलचं एचटीटीपीएस आजच्या सर्व्हरांशी जुळत नाही, मी आधी चित्र इंटरनेटवर ठेवलं होतं ते येईचना. घरातल्या घरात साधं एचटीटीपी ठेवलं, प्रश्न मिटला.

तिसऱ्या दिवशी 'षष्ठी'च्या मागे 'पंचमी'ची सावली दिसायला लागली. आई म्हणाली, "दोन तिथ्या का रे दाखवतोय? क्षयतिथी आहे का?" ईआयपीएस डॅश-सी एकदा पुरत नाही, लागोपाठ दोनदा दिलं आणि मग चित्र टाकलं, तेव्हा सावली गेली.

खरी गंमत त्यानंतर. मी पुण्याला परत आलो आणि साताऱ्यात दुपारभर वीज गेली. पाय पुन्हा चालू झालाच नाही, कार्ड गेलं असावं. किंडल चार्जरवर होतं, बॅटरीही होती, ते आपलं शांतपणे शेवटचं चित्र दाखवत बसलं. मॉनिटर असता तर काळा झाला असता, फोन बंद पडला असता. इथे पडदा स्वच्छ, अक्षरं ठसठशीत, आणि तिथी दोन दिवसांपूर्वीची. दशमीचा दिवस तीन दिवस टिकला. आईला संशय आला तो शेजारच्या काकूंनी "काल उपास नव्हता का?" विचारलं तेव्हा. एकादशी कालच झाली होती.

फोनवर जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

आता असं केलंय. चित्र ओढण्याची स्क्रिप्ट आधी बघते की आलेली फाइल आजची आहे का. नसेल, किंवा आलीच नसेल, तर किंडलवरच ठेवलेलं दुसरं एक चित्र लावते. त्यात अख्ख्या पानभर फक्त 'आजचं कळलेलं नाही. कालनिर्णय बघ.' पाल, तुमचा विजय असो. हे चित्र आधीच करून किंडलच्या पोटात ठेवलंय, कारण ऐनवेळी ते मराठी लिहू शकत नाही हे आता आपण सगळे जाणतो.

---

पानउतारा | रविवार, संध्याकाळी ५:१२

हे फार कामाचं लिहिलंत. ई-इंक मेलं तरी जिवंत दिसतं. माझ्या पाटीवर कोपऱ्यात 'कधीचं' म्हणून वेळ असते, पण तुमचं अख्खं पान बदलणं जास्त बरं. कोपऱ्यातली वेळ मीसुद्धा वाचत नाही.

---

मोठीआई | रविवार, रात्री ८:००

चंद्रोदय कालनिर्णयशी जुळतो का? दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झालं तर आमच्याकडे वाद होतात.

---

कडबोळे | रविवार, रात्री ८:४५

मोठीआई, कोणत्या गावची वेळ बघता त्यावर आहे. मुंबई आणि सातारा यांच्यात रेखांशाचा साधारण एक अंश, म्हणजे चारेक मिनिटं तिथेच जातात. मी साताऱ्याचेच अक्षांश-रेखांश दिलेत. शिवाय हे गणित सपाट क्षितिज धरतं. आमच्या पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर आहे, त्यावर चंद्र यायला आणखी थोडा वेळ. आईचा नियम सोपा आहे, पाटीवरची वेळ झाली की नैवेद्याचं ताट तयार, आणि गच्चीवरून चंद्र दिसला की जेवण.

---

अर्धाचहा | सोमवार, सकाळी १०:२०

सगळं वाचून मीही बसवलं. आणि मोडलं. सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, मागून पट्टी स्क्रूने आवळली. पडदा वरून प्लॅस्टिकचा वाटतो पण आत काचेचा पातळ थर असतो हे 'टच्' असा आवाज झाल्यावर कळलं. आता उजवा अर्धा भाग नवं चित्र घेतो, डाव्या अर्ध्यात 'बुध' कायमचा. चौकटीत मागे फोम लावा, स्क्रू नको.

---

डावा_काठ | सोमवार, दुपारी १:१५

अरेरे. निदान बुधवारी बरोबर असेल.

---

कडबोळे | सोमवार, रात्री ११:३०

आईची पुढची मागणी आली आहे: रात्री नऊनंतर बाबांचा फोटो दिसावा. नुसता राखाडी करून टाकला तर चेहरा काळवंडला आणि गालावर पट्टे पडले. १६च छटा आहेत, त्यामुळे मऊ सावली पायऱ्या-पायऱ्यांची होते.

---

डावा_काठ | मंगळवार, पहाटे १:५०

आधी गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) वाढवा, ई-इंकवर फोटो नेहमीच गडद पडतात. १.४ पासून सुरू करा आणि डोळ्यांनी ठरवा. मग इमेजमॅजिकमध्ये १६ राखाडी छटांची पट्टी करून तिच्यावर रीमॅप करा, डिदर फ्लॉइड-स्टाइनबर्ग. पट्ट्यांऐवजी बारीक कण दिसतील, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. फोटो आधी ६०० बाय ८०० करा, मग डिदर. नंतर लहान केलात तर कण चिवडले जातात. आणि शेवटी ग्रेस्केल ८ बिट आहे ना ते बघा, नाहीतर पुन्हा गोधडी.

---

कडबोळे | मंगळवार, रात्री १०:०२

गॅमा १.६ ला बाबा ओळखू आले. आभार.

---

कडबोळे | चार महिन्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, कारण दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एसव्हीजीचा साचा मागितला. उद्या कुठेतरी चढवतो. फाँट मुक्ताचा सेमीबोल्ड ठेवलाय. इंचाला १६७ ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक फाँटाच्या शिरोरेषा तुटतात, हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

यंत्र अजून चालू आहे. 'कालनिर्णय बघ'चं पान आत्तापर्यंत दोनदा लागलं, दोन्ही वेळा वीज गेल्यामुळे. दसऱ्याला आईने शिलाई मशीन, मिक्सर आणि विळीसोबत किंडललाही हळदकुंकू वाहिलं. पडद्यावर नाही, कडेच्या प्लॅस्टिकवर. "तुझी अक्षरं बिघडायला नकोत," म्हणाली.

---

भिंतीवरची_पाल | शुक्रवार, रात्री ९:२८

आणि कालनिर्णयला?

---

कडबोळे | शुक्रवार, रात्री ९:३३

त्यालाही. आधी त्याला.